मुलांना स्वातंत्र्यलढा हातांनी शिकवताना : शिक्षक आणि पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावात बरीच वर्षं मुलांबरोबर इतिहासाचे उपक्रम करतो आहे. आमच्या भागात प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजी अमलातच लोकांनी चालवलेलं आपलं सरकार, होऊन गेलं. मी लहान असताना त्या गोष्टी पारावर बसून ऐकायला मिळायच्या. आता सांगणारी माणसं जवळपास संपली, आणि मुलांच्या वाट्याला पुस्तकातले चार परिच्छेद आणि १५ ऑगस्टचं भाषण एवढंच उरलं. उपक्रमांबद्दल ऐकून शिक्षक आणि पालक फोन करतात, तेव्हा बहुतेक वेळा तेच ते प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे सविस्तर लिहून ठेवतो.

कोणत्या वयापासून सुरुवात करावी?

तिसरी-चौथीपासून. त्याआधी गोष्टी सांगाव्यात, गाणी म्हणावीत, तेवढं पुरे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला साल लक्षात राहत नाही, पण 'आपलंच असून आपल्याला घेऊ देत नाहीत' ही चीड त्याला पक्की कळते. मिठाचा सत्याग्रह आणि जंगल सत्याग्रह या चिडीवरच उभे होते. पाचवी ते सातवी हे उपक्रमांचं खरं वय. आठवीच्या पुस्तकात १८५७ पासूनचा सगळा काळ येतो. तोवर हाताने केलेल्या चार-पाच गोष्टी गाठीशी असल्या, तर मुलं ते पुस्तक वेगळ्या नजरेने वाचतात.

शाळेत वेशभूषा आणि भाषणस्पर्धा होतातच. आणखी वेगळं कशाला?

वेशभूषा जरूर करावी, मुलांना आवडते. पण फेटा बांधलेला, मिशी चिकटवलेला भगतसिंग स्टेजवर येतो, एक वाक्य बोलतो आणि टाळ्या घेऊन उतरतो. त्याला खाली आल्यावर विचारा, 'या माणसापुढे त्या दिवशी कोणते दोन रस्ते होते?' मूल गप्प होतं. त्याला कुणी ते सांगितलेलंच नसतं.

माझा आग्रह असा की मुलाला थोर माणसासारखं दिसायला लावण्यापेक्षा त्या काळातल्या साध्या माणसाने जे काम हाताने केलं आणि जो निर्णय घेतला, तो मुलाच्या हातात द्यावा. मीठ उकळणारी बाई, पत्रकं पोचवणारा पोरगा, रानात लपलेल्यांना भाकरी नेणारी म्हातारी. बाबू गेनू आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा, मुंबईत गिरणीत काम करणारा. १२ डिसेंबर १९३० ला परदेशी कापड घेऊन निघालेल्या ट्रकपुढे तो आडवा झाला आणि ट्रक त्याच्या अंगावरून गेला. त्याच्या वेशभूषेला काय लागणार? तो आपल्या गावातल्या कुठल्याही कष्टकऱ्यासारखाच दिसत असणार. म्हणून त्याच्याबद्दल बोलताना मी मुलांना कपडे देत नाही, प्रश्न देतो: त्या दिवशी गर्दीत तू असतास, तर कुठे उभा राहिला असतास?

मिठाचा प्रयोग नेमका कसा करायचा?

हा माझा सगळ्यात आवडता उपक्रम, म्हणून जरा सविस्तर सांगतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. कोकणात असाल तर समुद्राचं पाणीच आणा. आमच्यासारख्या घाटावरच्या लोकांनी एक लिटर पाण्यात मोठे दोन चमचे जाडं मीठ विरघळवावं. ते पाणी पसरट ट्रेमध्ये ओतायचं, थर अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड नको. स्टीलच्या ताटाला मिठाचे डाग पडतात, म्हणून काचेचा किंवा प्लास्टिकचा ट्रे घ्यावा, तळाचा रंग काळा असेल तर उत्तम. मार्च-एप्रिलच्या उन्हात दीड-दोन दिवसांत कडेला पांढरी रेघ दिसायला लागते. मुलं मधल्या सुट्टीत डबा सोडून ट्रेपाशी बसतात. बोटाने ती रेघ खरवडून बघतात. भिंगातून मिठाचे चौकोनी कण दाखवा, ते दृश्य त्यांच्या लक्षात राहतं.

इथपर्यंत तो विज्ञानाचा प्रयोग आहे. इतिहास पुढे सुरू होतो. मीठ गोळा झालं की वर्गातल्या एका मुलाला मीठ खात्याचा अधिकारी करायचं. तो येतो आणि सांगतो, 'मीठ तयार करणं हा गुन्हा आहे. किनाऱ्यावर पडलेलं उचलणंसुद्धा गुन्हा आहे. मीठ हवं असेल तर सरकारी कर भरून विकत घ्या.' आणि मुलांनी दोन दिवस राखलेलं मीठ तो मातीच्या बादलीत टाकून काठीने ढवळतो. ही माझ्या मनची गोष्ट नाही. गांधीजी दांडीला पोचले तेव्हा किनाऱ्यावर साचलेलं मीठ पोलिसांनी चिखलात कालवून ठेवलं होतं.

पहिल्यांदा हे केलं तेव्हा पाचवीतली एक मुलगी अक्षरशः थरथरत उभी राहिली आणि म्हणाली, 'पण पाणी आमचं होतं, ऊनपण त्यांचं नव्हतं!' १९३० मध्ये हजारो लोकांना जे वाटलं, ते तिने दोन वाक्यांत सांगितलं. मग तिला विचारलं, 'आता काय करशील?' वर्गात दोन तट पडले. काहींना बादली हिसकावून घ्यायची होती. काही म्हणाली, परत मीठ करू, उद्याही करू, रोज करू. त्या दिवशी दांडीवर मला वेगळं व्याख्यान द्यावं लागलं नाही.

शेवटी मातीतलं मीठ परत मिळवायचं. बादलीत थोडं पाणी ओतून हलवायचं, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणी जुन्या धोतराच्या दुहेरी कापडातून गाळायचं आणि पुन्हा उन्हात ठेवायचं. मीठ परत येतं, जरा मळकट रंगाचं. सत्याग्रहींनी जागोजागी जे मीठ केलं, तेही असंच मळकट असायचं.

ते मीठ मुलांना चाखू द्यावं का?

मातीत न मिसळलेलं, स्वच्छ पाण्यातून केलेलं असेल तर जिभेवर चिमूटभर चालेल. मातीतलं नको.

फक्त दांडीच का? महाराष्ट्रात मिठाचा सत्याग्रह झाला नव्हता का?

झाला होता, आणि मुलांना तो आधी सांगावा. मे १९३० मध्ये आताच्या सिंधुदुर्गातल्या शिरोड्याला मोठा सत्याग्रह झाला. मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांवर लोक तुटून पडले. ज्यांना समुद्र नव्हता त्यांनी जंगलाचा कायदा मोडला. बिळाशी, पुसद, संगमनेर, चिरनेर अशी ती गावं. उरण तालुक्यातल्या चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० ला गोळीबार झाला आणि माणसं मेली.

जंगल सत्याग्रहासाठी एक सोपा उपक्रम आहे. मुलांना घरी विचारून यादी करायला सांगा, पूर्वी आपल्या घरात रानातून काय काय यायचं? सरपण, गवत, पळसाची पानं, औताचं लाकूड, करवंदं, मध, डिंक. यादी फळ्यावर लिहायची आणि एकेक ओळ पुसत जायचं: हे आता बंद, हेही बंद. फळा रिकामा होत जातो तसा वर्ग शांत होतो.

दांडीयात्रेसारखं मुलांना चालवावं का? लहान मुलं एवढं कशी चालतील?

एका दमात नको. साबरमतीहून १२ मार्च १९३० ला निघालेली यात्रा २४ दिवसांत साधारण ३८५ किलोमीटर चालली, म्हणजे रोज सरासरी १६ किलोमीटर. मैदानाची एक फेरी २०० मीटरची असेल तर १६ किलोमीटरला ८० फेऱ्या होतात. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाने दोन फेऱ्या मारल्या की यात्रेचा एक दिवस झाला. १२ मार्चला सुरुवात करा, भिंतीवर गुजरातचा नकाशा लावा आणि रोज लाल दोरा थोडा पुढे सरकवा. सुट्टी आली तर दुसऱ्या दिवशी चार फेऱ्या. गणित, भूगोल आणि इतिहास एकाच दोऱ्यात येतात. गांधीजी तेव्हा साठ वर्षांचे होते, हे मुलांना चालून दमल्यावर सांगावं, आधी नाही.

१९४२ चं भूमिगत काम मुलांना कसं कळेल? त्यात हाताने करण्यासारखं काय आहे?

पुष्कळ आहे. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे पुढारी पकडले गेले, वर्तमानपत्रांवर बंधनं आली आणि बातमी लोकांपर्यंत पोचवणं हेच मोठं काम होऊन बसलं. सायक्लोस्टाइलवर (स्टेन्सिलवरून प्रती काढायच्या यंत्रावर) काढलेली, हाताने लिहिलेली पत्रकं घरोघर जात. मुंबईत बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी ४२.३४ मीटरवर गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. पकडले जाऊ नये म्हणून जागा बदलत राहिले. अखेर नोव्हेंबर १९४२ मध्ये पोलिसांनी त्यांना पकडलं.

उपक्रम असा. पाच मुलांचा एक गट. प्रत्येक गटाला पाच कोरे कागद आणि चार कार्बन कागद. स्टेशनरीच्या दुकानात कार्बन अजून मिळतो. बऱ्याच मुलांनी तो कधी पाहिलेला नसतो, आणि निळी झालेली बोटं बघून त्यांना फार मजा वाटते. बॉलपेनने जोर देऊन लिहायचं. बातमी खरी हवी, शाळेतलीच हवी आणि पन्नास शब्दांत बसली पाहिजे. पहिली प्रत स्पष्ट येते, तिसरी बरी, पाचवी जेमतेम वाचता येते. इथेच पहिला प्रश्न उभा राहतो: फिकट प्रत कुणाला द्यायची? दुसरा प्रश्न: अक्षरावरून कुणी लिहिलं ते ओळखू येईल, मग काय करायचं? मुलं डाव्या हाताने लिहून बघतात, ठळक छापील अक्षरं काढतात, एकेक ओळ वेगवेगळ्या मुलांकडून लिहून घेतात.

मग ही पत्रकं मधल्या सुट्टीपर्यंत शाळेतल्या ठरलेल्या पाच माणसांना गुपचूप पोचवायची. आमच्याकडे मुलांनी ती डब्यातल्या पोळीखाली, वहीच्या कव्हरात, एकदा तर खडूच्या खोक्यात लपवली. शिपाईदादांना आधी सांगून ठेवलेलं असतं, ते दारात उभं राहून दप्तरं तपासतात.

दोन-तीन मुलं सापडतातच. सापडलेल्याला एकच प्रश्न विचारायचा, 'कुणी दिलं?' बस्स. धमकी नको, आवाज चढवणं नको, शिक्षा नको. तो प्रश्नच पुरेसा जड असतो. काही मुलं पटकन नाव सांगतात, काही खोटं नाव सांगतात, काही तोंड मिटून उभी राहतात. नंतर सगळ्यांनी गोल बसून बोलायचं. ज्याने नाव सांगितलं त्याला कुणी हिणवणार नाही, हे आधीच ठरवून ठेवावं आणि पाळावं. एकदा एक मुलगा म्हणाला, 'मी सांगितलं नाही, कारण सर तुम्ही मारणार नाही हे मला माहीत होतं. मारलं असतं तर सांगितलं असतं.' इतकं प्रामाणिक बोलणं मी मोठ्यांकडूनही फार वेळा ऐकलेलं नाही. तिथून मग तुरुंगात मार खाऊनही गप्प राहिलेल्या माणसांबद्दल बोलता आलं.

मुलींना या इतिहासात स्वतःची जागा दिसते का?

दाखवली तर दिसते. गोवालिया टँकवर ९ ऑगस्टला झेंडा फडकवणाऱ्या अरुणा असफ अली, रेडिओच्या उषा मेहता ही नावं आहेतच. उषाताईंच्या लहानपणची एक आठवण मुलांना फार भिडते. मिरवणुकीत पोलीस हातातला झेंडा हिसकावतात म्हणून मुलांनी झेंड्याच्या तीन रंगांचे कपडेच शिवून घातले. आता घ्या म्हणावं हिसकावून! हे कागदाच्या कपड्यांवर करून बघता येतं, आणि टाके घालायला मुलगेही बसले पाहिजेत.

आमच्या भागात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कन्या हौसाताई होत्या. भवानीनगरच्या पोलीस चौकीतली हत्यारं पळवायची होती. तेव्हा चौकीसमोर भांडणाचं आणि मारहाणीचं सोंग करून पोलिसांना बाहेर काढलं गेलं. मार खाणारी बाई हौसाताई होत्या, आणि सोंग खरं वाटावं म्हणून मारही खरा खावा लागला. त्या २०२१ मध्ये गेल्या. हा प्रसंग मी गोष्ट म्हणून सांगतो, त्याचं नाटक करून घेत नाही.

बॉम्ब, गोळीबार, फाशी हे सगळं मुलांना सांगावं का?

सांगावं, पण वय बघून, आणि कारणासकट. चापेकर बंधूंनी २२ जून १८९७ ला पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर प्लेगचा इंग्रज अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या, एवढंच सांगितलं तर ती नुसती मारामारीची गोष्ट होते. आधी प्लेग सांगावा लागतो. सोल्जर घरात शिरून झडत्या घेत होते, सामान रस्त्यावर टाकत होते, देवघरापर्यंत जात होते. साथ रोखणं गरजेचं होतं हेही सांगावं. सातवीच्या मुलांना मी विचारतो, 'साथ आली आहे आणि तुम्ही अधिकारी आहात. घरं तपासायची आहेत. कशी तपासाल?' मुलं स्वतःची नियमावली लिहितात: आधी सांगून जायचं, बायकांच्या खोलीत बाईनेच जायचं, सामान जाळलं तर भरपाई द्यायची. करोनाचा काळ त्यांना थोडाफार आठवतो किंवा घरात ऐकलेला असतो, त्यामुळे ती हे फार मनापासून लिहितात. एवढं झाल्यावर १८९७ चं पुणं त्यांना आपोआप कळतं.

एक गोष्ट मात्र मी कुणालाही करू देत नाही, आणि वाचणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगतो. फाशीचा प्रसंग मुलांकडून करवून घेऊ नका. स्टेजवर नको, तालमीत नको, दोर नुसता हातात धरूनही नको. भगतसिंगांच्या फाशीचा सराव घरी एकट्याने करताना मुलांचा जीव गेल्याच्या बातम्या आपल्या देशात एकापेक्षा जास्त वेळा आल्या आहेत. २३ मार्च १९३१ चा दिवस दाखवायचाच असेल तर कोठडीत पुस्तक वाचत बसलेला भगतसिंग दाखवा. तुरुंगात त्यांनी लिहिलेली टिपणवही प्रसिद्ध आहे. मुलांना एक छोटी वही द्या आणि आठवडाभर वाचलेल्यातलं आवडलेलं एकेक वाक्य त्यात उतरवायला सांगा. उपोषणाचाही प्रयोग नको. भगतसिंगांचे तुरुंगातले साथीदार जतींद्रनाथ दास ६३ दिवसांच्या उपोषणानंतर गेले हे सांगणं पुरेसं आहे.

'गांधीजी बरोबर की भगतसिंग?' असं मुलं विचारतात. काय सांगावं?

मी उत्तर देत नाही, आणि ते टाळणं नव्हे. वर्गात दोन बाजू करतो आणि पंधरा मिनिटांनी बाजू बदलायला लावतो. ज्याने सशस्त्र मार्गासाठी भांडण केलं, त्याला आता सत्याग्रहाच्या बाजूने बोलायचं असतं. मध्ये एकच नियम: आपल्या मुद्द्याला एक खरी घटना जोडायची. गुजरातेत धारासणाच्या मिठागरावर मे १९३० मध्ये लोक हात न उचलता लाठ्या खात एकामागून एक पुढे गेले, ही घटना. एप्रिल १९२९ मध्ये असेंब्लीत कुणी मरू नये अशा बेताने बॉम्ब टाकला आणि टाकणारे पळाले नाहीत, ही घटना. दोन्ही नीट ऐकल्यावर मुलांना कळतं की पळून न जाणं हे दोन्हीकडे होतं.

प्रतिसरकार शिकवायचं तर कसं? तो विषय अवघड वाटतो.

अवघड आहे, पण सातारा-सांगलीकडच्या मुलांना तरी तो यायलाच हवा. १९४३ ते १९४६ या काळात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात लोकांनी आपलं सरकार चालवलं. नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी ही माणसं, कुंडलची तुफान सेना (प्रतिसरकारचं लढाऊ दल), ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ अडवलेली पगाराची रेल्वे. मुलांना रेल्वेची गोष्ट आवडते, पण माझ्या मते खरी क्रांती गावोगावच्या न्यायदान मंडळांत होती. कोर्ट-कचेरीची पायरी न चढता बांधाचे, गहाणवटीचे तंटे गावातच मिटत. लग्नं कमी खर्चात लागत, त्यांना गांधी विवाह म्हणत.

पाच मुलांचं मंडळ बसवा. खटले साधे घ्या: शेजाऱ्याने बांध कोरला, सावकार पैसे फिटूनही जमीन सोडत नाही, एकजण दारू गाळतो. अट एकच. तुरुंग नाही, पोलीस नाही, आणि निकालानंतर उद्या दोघांना एकाच विहिरीवर पाणी भरायचं आहे. मुलांची पहिली शिक्षा जवळजवळ नेहमी 'फटके' हीच असते. तिथे थांबवायचं. मारणार कोण? उद्या तो निर्दोष निघाला तर? मोठ्या मुलांना तेव्हाच सांगावं की प्रतिसरकारातही गुंडांना आणि खबऱ्यांना तळपायांवर मार दिला जाई आणि त्यावरूनच 'पत्री सरकार' हे नाव पडलं असं लोक सांगतात. हे लपवू नये. आपल्या माणसांबद्दल अभिमान असावा, आणि त्यांनी केलेल्या कठोर गोष्टीही तोंडाने सांगता याव्यात.

स्वातंत्र्यलढ्यात सामाजिक क्रांती येते का?

आलीच पाहिजे. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्याबरोबरच्या हजारो माणसांनी प्याले. मिठाच्या सत्याग्रहाच्या आधीची, पाण्याची ही लढाई आहे. मात्र इथे अभिनय अजिबात नको. 'तू अस्पृश्य हो, तू सवर्ण हो' असं मुलांना वाटून देणं हा अपराध आहे, कारण वर्गातल्या काही मुलांसाठी ते नाटक नसतं. त्याऐवजी गावाचा नकाशा काढावा: विहिरी, हातपंप, टाक्या, नळ कुठे आहेत, कोणतं पाणी सगळ्यांना आधी मिळालं, कोणत्या वस्तीपर्यंत पाइप शेवटी पोचला. मुलं चालून मोजून हे शोधतात. नकाशाच बोलतो.

झेंडा बनवण्याचा उपक्रम चालेल का?

चालेल, पण राष्ट्रध्वजाचे नियम आधी मुलांना सांगा. लांबी-रुंदीचं प्रमाण ३:२, अशोकचक्राला २४ आरे, कागदी झेंडा जमिनीवर पडू द्यायचा नाही, कार्यक्रमानंतर कचऱ्यात टाकायचा नाही. खरं तर इतिहासाच्या उपक्रमासाठी १९३१ चा चरख्याचा झेंडा काढणं जास्त चांगलं. मग २२ जुलै १९४७ ला चरख्याच्या जागी चक्र कसं आलं, हा प्रश्न मुलं स्वतःच विचारतात.

टकळी, चरखा आता कुठून आणणार?

खादी भांडारात विचारा, टकळी आणि पेळू (कातायला वळून ठेवलेला पिंजलेला कापूस) बऱ्याच ठिकाणी मिळतात. न मिळाल्यास सायकलची जुनी तार आणि खाली मातीची चकती, एवढ्यावरही काम भागतं. मुलांचं सूत सारखं तुटतं. अर्ध्या तासात वीतभर निघालं तरी खूप. त्यानंतर एक खादीचा रुमाल हातात द्या आणि त्यात किती सूत असेल ते मोजायला सांगा.

एकाच घटनेबद्दल वेगवेगळी माहिती मिळते. मुलांचा गोंधळ होत नाही का?

तो गोंधळ मी मुद्दाम करतो. तास चालू असताना ठरवून एक माणूस वर्गात येतो, टेबलावरचा डस्टर उचलतो, दोन वाक्यं बोलतो आणि जातो. लगेच मुलांनी काय झालं ते लिहायचं, शेजाऱ्याचं न बघता. शर्टाचा रंग चार प्रकारचा निघतो. डस्टर नेला की वही नेली यावर वाद होतो. मग दोन कागद वाटायचे: गोळीबारानंतर सरकारने काय लिहिलं असेल आणि ज्याचा भाऊ मेला त्याने काय लिहिलं असेल. दोन्ही मुलांनीच लिहायचे. त्यानंतर मुलं फॉरवर्ड होऊन आलेला प्रत्येक 'इतिहास' जरा थांबून वाचतात.

पालकांना यात राजकारण वाटलं तर?

त्यांना एका उपक्रमाला बोलवा. मीठ मातीत गेलेलं बघितल्यावर कुणी तक्रार करत नाही.

वृद्धांच्या मुलाखती घ्यायच्या आहेत, पण त्या काळातलं कुणीच उरलं नाही.

१९४२ साली दहा वर्षांचं असलेलं माणूस आज नव्वदीच्या पुढे आहे, त्यामुळे असं कुणी गावात असेल तर पुढच्या आठवड्याची वाट बघू नका, उद्याच जा. कुणी नसेल तर मुलं-नातवंडं आहेत. १९७२ मध्ये स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवात स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट दिले गेले. कित्येक घरांत ते पेटीच्या तळाशी आहेत. मुलांना तो हातात घेऊ द्या, वजन कळू द्या. 'लढ्यात काय केलं?' असा प्रश्न विचारला की उत्तर भाषणासारखं येतं. 'त्या दिवशी घरात जेवायला काय होतं? चूल कोण सांभाळत होतं? पोलीस आले तेव्हा कुत्रं भुंकलं का?' असं विचारलं की आठवणी मोकळ्या होतात. एका आजींनी आमच्या मुलांना दारामागची फळी दाखवली. तिच्यामागे त्यांचे सासरे रात्रभर उभे होते. मुलं एकेक करून त्या फटीत उभी राहून आली. आठवीतला उंच मुलगाही मावला.

खर्च किती येतो?

कार्बन कागद, मीठ, सुतळी, खडू, नकाशा. वर्गाच्या नेहमीच्या सामानाच्या बाहेर फारसं काही लागत नाही. वेळ मात्र लागतो, आणि तो कुणाच्याही वेळापत्रकात आयता सापडत नाही, मागून घ्यावा लागतो.

वर्षभरात एकच उपक्रम जमणार असेल तर कोणता करावा?

हुतात्मा स्मारकाचा. ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रात गावोगावी ही स्मारकं उभी राहिली. कित्येक ठिकाणी ती कुलूपबंद आहेत, आत गवत वाढलं आहे. आधी ग्रामपंचायतीत जाऊन किल्ली मागायची, आणि ती मुलांनीच मागायची. एक अर्ज लिहून न्यायचा. मग झाडून घ्यायचं, शिळा धुवायची.

शिळेवरचं एकेक नाव एकेका मुलाने घ्यायचं. नावं कोरलेली असतील तर त्यावर पातळ पांढरा कागद धरायचा, चौघांनी कोपरे दाबायचे आणि पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासायची. अक्षरं कागदावर पांढरी उमटतात. त्यानंतर त्या माणसाचं गाव कुठलं, वय किती होतं, घरात कोण होतं, त्या दिवशी तो कुठे निघाला होता, हे शोधायचं. सातारा जिल्ह्यातल्या वडूजच्या कचेरीवर ९ सप्टेंबर १९४२ ला मोर्चा गेला आणि गोळीबार झाला. त्याच दिवशी नंदुरबारला शाळकरी शिरीषकुमार आणि त्याचे चार साथीदार गोळ्यांनी पडले. ऑगस्टच्या त्या नऊ तारखेला बरोबर एक महिना झाला होता. दोन गावांमध्ये एवढं अंतर असताना दिवस एकच कसा, हे मला सातवीतल्या एका मुलीने विचारलं होतं आणि आम्ही मिळून कॅलेंडर मांडून बघितलं.

कागदावर नाव पुरं उमटलं की मागच्या बाजूला मुलाने स्वतःचं नाव आणि तारीख लिहावी, आणि कागद गुंडाळी करून घरी न्यावा. घडी घालू देऊ नका, पेन्सिल पुसली जाते.